उपचाराआधीचा एचआयव्ही आणि उपप्रकार 'सी': औषधसंवेदनशीलतेचा रिपोर्ट कसा मिळवावा, कसा वाचावा

रुग्णाची नोंद नवी आहे, त्याने अजून एकही गोळी घेतलेली नाही, आणि रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) तपासणाऱ्या रिपोर्टवर मात्र प्रोटिएझ आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ या विषाणूच्या दोन एन्झाइमांच्या रकान्यांत प्रत्येकी आठ-दहा म्युटेशन्स, म्हणजे जनुकीय बदल, दिसतात. असा रिपोर्ट पहिल्यांदा हातात आला की वाटतं, हा विषाणू आता कुठल्याच औषधाला दाद देणार नाही. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक म्युटेशन्सचा रेझिस्टन्सशी संबंध नसतो. ज्या संदर्भ-विषाणूशी ताडून ही यादी बनते, तो एचएक्सबी२ उपप्रकार 'बी'चा आहे. आपल्याकडच्या रुग्णांत फिरणारा विषाणू 'सी'चा आहे. दोघांत मुळातच जो फरक आहे, तोच रिपोर्टवर म्युटेशन म्हणून उतरतो.

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रांतले डॉक्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि या विषयावर प्रबंध करू पाहणारे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. उपचार न घेतलेल्या रुग्णात केवळ उपप्रकार पाहून पहिली औषधयोजना बदलण्याची वेळ फार क्वचित येते. उपप्रकार कळल्याचा उपयोग होतो तो रिपोर्टचा अर्थ लावताना, आणि पुढे औषध निकामी झालंच तर कुठल्या वाटेने होईल हे ओळखताना.

पार्श्वभूमी, थोडक्यात

एचआयव्ही-१चे चार गट आहेत: एम, एन, ओ आणि पी. जगभर पसरलेली साथ एम गटाची. त्यातच ए, बी, सी, डी, एफ, जी वगैरे उपप्रकार आणि त्यांचे संकर येतात. 'सी' हा दक्षिण आफ्रिका आणि भारतातला मुख्य उपप्रकार आहे आणि जगातले जवळपास निम्मे संसर्ग त्याचेच आहेत. भारतात शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांत तोच सापडतो. युरोप-अमेरिकेत 'बी' जास्त, आग्नेय आशियात सीआरएफ०१-एई हा संकर, रशिया आणि आसपासच्या देशांत ए६. ईशान्य भारतात बी आणि सी यांचे संकरही नोंदले गेले आहेत. औषधं शोधताना आणि त्यांच्या सुरुवातीच्या चाचण्या घेताना बहुतेक काम 'बी'वर झालं. रेझिस्टन्सची यादी, चाचणीचे प्रायमर (विषाणूच्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे), तुलनेचा विषाणू हे सगळं 'बी'कडे झुकलेलं आहे, ते त्यामुळे.

पहिली पायरी: रुग्ण खरंच 'उपचार न घेतलेला' आहे का?

सगळं गणित या एका उत्तरावर उभं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडून मजुरीसाठी सुरतला जाणारे, ऊसतोडीला जाणारे, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा महामार्गांवर गाडी चालवणारे अनेक जण एका जिल्ह्यात औषध सुरू करतात, मध्येच सोडतात आणि गावी परतल्यावर नवीन म्हणून नोंद करतात. यामागे लबाडी नसते. जुनं कार्ड हरवलेलं असतं, किंवा 'आधी घेत होतो' म्हटलं तर रागावतील अशी भीती असते. म्हणून 'आधी औषध घेतलं होतं का?' असा थेट सवाल टाकू नका. 'रोज एक गोळी घ्यायची अशी बाटली कधी मिळाली होती का? कुठल्या गावी? किती महिने चालली?' असं विचारा. रागावण्याचा सूर जरा जरी लागला तरी खरी माहिती मिळत नाही.

आणखी चार गोष्टी विचारा. गरोदरपणात बाळाला लागण होऊ नये म्हणून काही औषध दिलं होतं का? पूर्वी त्यासाठी नेव्हिरापिनचा एकच डोस दिला जाई आणि तेवढ्यानेही रेझिस्टन्स येत असे. अपघाती संपर्कानंतर २८ दिवसांचं औषध घेतलं होतं का? प्रतिबंधासाठी रोजची गोळी घेत होता का? जोडीदार उपचारावर आहे का, आणि असल्यास त्याचं औषध कधी निकामी झालं होतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण रेझिस्टंट विषाणू लागणीतूनही येतो.

औषध सोडून बराच काळ लोटला असेल तर 'रेझिस्टन्स नाही' या रिपोर्टवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. लॅमिव्हुडिनला निकामी करणारं एम१८४व्ही (१८४व्या जागी एम या अमिनो आम्लाऐवजी व्ही) हे म्युटेशन विषाणूला कमकुवत करतं. औषधाचा दाब गेला की काही आठवड्यांत मूळ विषाणू त्याला मागे टाकतो आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्यात) ते दिसेनासं होतं. ते पेशींत साठून राहिलेलं असतं. एफाविरेन्झ-नेव्हिरापिनला निकामी करणाऱ्या के१०३एनचं तसं नाही. ते विषाणूला फारसं जड जात नाही, म्हणून औषधाविना वर्षानुवर्षं टिकतं. नव्या रुग्णांत एफाविरेन्झ-नेव्हिरापिनचा रेझिस्टन्स सापडतो आणि लॅमिव्हुडिनचा सहसा सापडत नाही, त्याचं एक कारण हेच.

दुसरी पायरी: एचआयव्ही-१ की एचआयव्ही-२?

उपप्रकाराच्या चर्चेत हा प्रश्न बाजूला पडतो, पण औषधाची निवड खरोखर बदलणारा फरक इथे आहे. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला, पण पश्चिम भारतातही थोड्या प्रमाणात सापडतो. नेव्हिरापिन, एफाविरेन्झ या गटातल्या औषधांना तो जन्मतःच दाद देत नाही, कारण रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझच्या १८१ आणि १८८ या जागांवर त्याची अमिनो आम्लं मुळातच वेगळी असतात. एन्फुव्हिर्टाइडही त्याच्यावर चालत नाही. प्रोटिएझ गटात लोपिनाविर आणि दारुनाविर चालतात, अॅटाझानाविरचा भरवसा नाही. डोलुटेग्राविर चालतं. म्हणून आजच्या टीएलडीच्या (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राविर यांच्या एकत्र गोळीच्या) काळात हा प्रश्न पूर्वीइतका जीवघेणा राहिलेला नाही, पण तपासणीच्या बाबतीत तो अजून फसवतो.

एचआयव्ही-१चा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मोजणारी नेहमीची चाचणी एचआयव्ही-२ मोजत नाही. नवा रुग्ण, सीडी४ (प्रतिकारक पेशींची संख्या) दीडशे, आणि व्हायरल लोड 'आढळला नाही' असा रिपोर्ट आला तर तीन शक्यता धरा: तो गुपचूप औषध घेत आहे, त्याला एचआयव्ही-२ आहे, किंवा नमुन्यात गडबड झाली आहे. औषधाविना विषाणू आपोआप दाबून ठेवणारे लोक असतात, पण ते फार थोडे आणि त्यांचा सीडी४ सहसा चांगला असतो. अशा वेळी आयसीटीसीतल्या (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रातल्या) रॅपिड चाचणीच्या पट्ट्या पुन्हा पाहा. एचआयव्ही-२ची रेघ उमटली असेल तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे खात्रीसाठी पाठवा. दोन्ही रेघा उमटल्या म्हणजे दोन्ही संसर्ग आहेतच असं समजू नका. प्रतिपिंडांच्या सरमिसळीमुळेही दुसरी रेघ येते.

तिसरी पायरी: नमुना, आणि खान्देशचा उन्हाळा

जनुकीय रेझिस्टन्स चाचणी प्लाझ्मातल्या आरएनएवर होते आणि आरएनए उष्णतेने तुटतं. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बंद गाडीच्या डिकीत तापमान त्याहून पुष्कळ वर जातं. तिथे दोन तास राहिलेल्या नमुन्यातून सिक्वेन्स निघाला नाही तर दोष प्रायमरला देऊ नका.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या, ५ मिलिलिटरच्या दोन ट्यूब. हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब वापरू नका, कारण हेपरिन पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका. २५ अंशांच्या आत ठेवता येत असेल तर ६ तासांत, आणि ४ अंशांवर ठेवलं असेल तर २४ तासांत प्लाझ्मा वेगळा झालाच पाहिजे. सेंट्रिफ्यूज १००० ते १२०० जी, १० ते १५ मिनिटं. वेग आरपीएममध्ये नव्हे, 'जी'मध्ये मोजा. रोटरची त्रिज्या वेगळी असली की तोच आरपीएम वेगळा जोर देतो. वरचा प्लाझ्मा घेताना मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लावू नका. त्यात पेशी असतात, पेशींत विषाणूचा जुना डीएनए असतो, आणि तो मिसळला की सध्या फिरणाऱ्या विषाणूचं चित्र गढूळ होतं.

प्लाझ्मा १ मिलिलिटरप्रमाणे स्क्रूच्या झाकणाच्या दोन-तीन क्रायोव्हायलमध्ये भरून उणे ७० ते उणे ८० अंशांवर ठेवा आणि ड्राय आइसवर पाठवा. एकाच मोठ्या बाटलीत सगळा भरला तर दर वेळी पूर्ण नमुना वितळतो आणि प्रत्येक वितळणीत आरएनए घटतं. वीज जाण्याचं प्रमाण जास्त असेल तिथे फ्रीजरला तापमान नोंदवणारं यंत्र लावा. दाराला लावलेल्या वहीत हाताने लिहिलेल्या आकड्यांतून रात्री काय घडलं ते कळत नाही.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीसारख्या सातपुड्यातल्या भागातून ड्राय आइसची साखळी टिकवणं अवघड आहे. तिथे फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा ठिपका उपयोगी पडतो. कार्डावरच्या प्रत्येक वर्तुळात ५० ते ७५ मायक्रोलिटर रक्त टाका. उन्हात, पंख्याखाली किंवा हीटरजवळ न ठेवता सावलीत किमान ४ तास, शक्यतो रात्रभर, आडवं वाळू द्या. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि ओलावादर्शक कार्ड घालून झिपच्या पिशवीत बंद करा. साध्या तापमानात दोन आठवड्यांत प्रयोगशाळेत पोचवा, त्याहून उशीर होणार असेल तर उणे २० अंशांवर ठेवा. 'साधं तापमान' म्हणजे मे महिन्यातलं पत्र्याचं छप्पर नव्हे. कार्ड थर्मासच्या डब्यातच ठेवा. ठिपक्यात पेशींचा डीएनएही येतो, म्हणून अर्थ लावताना पुढे सांगितलेली एपोबेकची तपासणी विसरू नका.

चाचणी लावण्याआधी व्हायरल लोड पाहा. मिलिलिटरला १००० प्रतींच्या खाली यश बेभरवशाचं असतं. उपचार न घेतलेल्या रुग्णात तो सहसा याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे हा अडसर क्वचित येतो.

चौथी पायरी: सिक्वेन्स काढणं

प्रोटिएझचे १ ते ९९ हे सगळे कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन-तीन अक्षरं) आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझचे किमान ४१ ते २३८ यायला हवेत. इंटिग्रेझ या तिसऱ्या, डोलुटेग्राविर ज्यावर काम करतं त्या एन्झाइमचे १ ते २८८ वेगळे मागावे लागतात. बऱ्याच प्रयोगशाळा न मागता ते करत नाहीत, आणि आजची पहिली औषधयोजनाच डोलुटेग्राविरवर उभी असल्याने इंटिग्रेझशिवाय रिपोर्ट अर्धवट राहतो.

'बी'साठी बनवलेले प्रायमर 'सी'वर नीट बसत नाहीत, ही या कामातली जुनी डोकेदुखी आहे. प्रायमरच्या ३-प्राइम टोकाकडच्या दोन-तीन अक्षरांत एक जरी विसंगत असलं तरी पीसीआर फसतो. यावर उपाय म्हणजे विसंगत जागी दोन पर्यायी अक्षरं घेणारे डिजनरेट प्रायमर, आणि पहिला संच बसला नाही तर हाताशी दुसरा संच. व्हायरल लोड चांगला असूनही वारंवार अपयश येत असेल तर १२०० अक्षरांच्या लांब तुकड्याऐवजी दोन लहान तुकडे एकमेकांवर चढतील असे घ्या. व्हायरल लोड हजार-दोन हजार असेल तर १ मिलिलिटर प्लाझ्मा ४ अंशांवर २३,००० जीने तासभर फिरवून विषाणू तळाशी बसवा आणि त्यातून आरएनए काढा. अपयशी नमुने नुसते वगळून टाकू नका. वेगळा उपप्रकार असलेलेच नमुने जास्त अपयशी ठरत असतील तर तुमच्या यादीत 'सी' खोटाच फुगलेला दिसेल.

सॅंगर या नेहमीच्या सिक्वेन्सिंग पद्धतीला साधारण २० टक्क्यांहून जास्त प्रमाणात असलेलाच विषाणू दिसतो. नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगने १ टक्क्यापर्यंत जाता येतं, पण तिथे यंत्राची चूक आणि खरं म्युटेशन वेगळं करणं कठीण होतं. उपचाराचा निर्णय घेताना २० टक्क्यांचीच रेघ धरा.

पाचवी पायरी: सिक्वेन्सवर विश्वास ठेवण्याआधी

चौकटीत मध्येच थांबा-कोडॉन आहेत का, एखादं अक्षर गळून सगळी चौकट सरकली आहे का, हे आधी पाहा. ट्रिप्टोफॅनच्या जागी थांबा-कोडॉन आणि जागोजागी 'जी'चा 'ए' झालेला दिसला तर ते एपोबेक या आपल्याच पेशीतल्या एन्झाइमने बिघडवलेलं, मृत विषाणूचं डीएनए आहे. त्यातून एम१८४आय, ई१३८के, जी१९०ईसारखी म्युटेशन्स खोटीच दिसतात.

मग एकाच बॅचमधल्या सगळ्या सिक्वेन्सचा वंशवृक्ष काढा. दोन नमुने जवळपास सारखे निघाले तर आधी नमुने मिसळले असावेत असं धरून पुन्हा तपासा. ते जोडप्याचे किंवा आई-मुलाचे असू शकतात, पण हा तर्क प्रयोगशाळेच्या बाहेर जाता कामा नये. 'कोणी कोणाला दिला' हे अशा वृक्षावरून सिद्ध होत नाही. मध्ये तिसरा माणूस असू शकतो, दिशा कळत नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात असा एक शब्द फुटला तर एखाद्या बाईचं घर मोडतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ने गोपनीयता बंधनकारक केली आहे. कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं होतं.

सहावी पायरी: उपप्रकार ठरवणं

सिक्वेन्स किमान आठशे अक्षरांचा घेऊन रेगा, कॉमेट किंवा स्टॅनफर्डच्या एचआयव्हीडीबी या ऑनलाइन साधनांत टाका. निदान दोन साधनं वापरा. दोन्हींनी 'सी' म्हटलं तर विषय संपला. एकाने 'सी' आणि दुसऱ्याने संकर म्हटलं तर संदर्भ-सिक्वेन्ससह हाताने वृक्ष काढा आणि बूटस्कॅन (तुकड्यातुकड्याने तुलना) करून सांधा कुठे आहे ते पाहा. रिपोर्टवर 'पोल जनुकानुसार सी' असंच लिहा; वरची तिन्ही एन्झाइमं याच जनुकातली. विषाणूचा बाकीचा भाग वेगळ्या उपप्रकाराचा असू शकतो आणि तुम्ही तो पाहिलेला नाही.

सातवी पायरी: म्युटेशन्सची यादी वाचणं

'सी' विषाणूच्या रिपोर्टवर प्रोटिएझमध्ये सहसा हे दिसतं: टी१२एस, आय१५व्ही, एल१९आय, एम३६आय, आर४१के, एच६९के, एल८९एम, आय९३एल. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझमध्ये टी३९ई, एस४८टी, डी१२१वाय, के१७३ए, डी१७७ई, टी२००ए, क्यू२०७ई, आर२११के. हे सगळं 'सी'चं मूळ रूप आहे. एम३६आय आणि आय९३एल ही नावं जुन्या याद्यांत प्रोटिएझच्या 'दुय्यम' म्युटेशन्समध्ये होती, म्हणून अजूनही घबराट होते. 'बी'मध्ये औषधाच्या दाबाखाली ती येत असत. 'सी'मध्ये ती औषध पाहिलेलंच नसताना असतात आणि त्यांनी एकट्याने दारुनाविर किंवा लोपिनाविर निकामी होत नाही. आय९३एलमुळे 'सी' विषाणू काही प्रोटिएझ औषधांना उलट थोडा जास्तच दाद देतो, असंही प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

लागणीतून आलेला रेझिस्टन्स शोधायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची ९३ म्युटेशन्सची यादी लावा. ती बनवतानाच उपप्रकारांतली नैसर्गिक रूपं गाळलेली आहेत. एम३६आय त्यात नाही, ई१३८ए नाही. के१०३एन, वाय१८१सी, एम१८४व्ही, के६५आर आहेत. एका रुग्णाचा निर्णय घ्यायचा असेल तर मात्र स्टॅनफर्डच्या त्याच साधनाने प्रत्येक औषधाला दिलेले गुण पाहा: १०च्या आत संवेदनशील, १० ते १४ संभाव्य अल्प, १५ ते २९ अल्प, ३० ते ५९ मध्यम, ६० आणि वर उच्च पातळीचा रेझिस्टन्स.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. एका रुग्णात वरची सगळी 'सी'ची रूपं आणि जोडीला फक्त ई१३८ए. दुसऱ्यात तीच रूपं आणि के१०३एन. पहिल्याचा रिल्पिव्हिरिनचा गुण १५, एफाविरेन्झ-नेव्हिरापिनचा शून्य. ई१३८ए हे 'सी'मध्ये शंभरातल्या पाच-सहा जणांत आपोआपच असतं, 'बी'मध्ये त्याहून कमी. रिल्पिव्हिरिनवर साधारण दुपटीचा परिणाम, आणि इतर कुठल्याही पहिल्या औषधयोजनेवर काहीच नाही. दुसऱ्याचा एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिनचा गुण ६०, रिल्पिव्हिरिनचा शून्य. हा खरा, बहुधा लागणीतून आलेला रेझिस्टन्स. दोघांनाही टीएलडी देता येते. दुसऱ्याला पूर्वीची एफाविरेन्झची गोळी दिली असती तर काही महिन्यांत लॅमिव्हुडिन आणि टेनोफोव्हिरही हातचं जाऊ शकलं असतं. नव्या रुग्णांत या गटाचा रेझिस्टन्स १० टक्क्यांवर गेला तर पहिली औषधयोजना बदला, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सांगितलं ते याचसाठी.

फोल्ड चेंजचा आकडा आला तर

फिनोटाइप चाचणीत रुग्णाच्या विषाणूला निम्म्यावर आणायला किती औषध लागलं ते 'बी'च्या प्रयोगशाळेतल्या विषाणूशी ताडतात. तिथे १० नॅनोमोलर आणि रुग्णात १७ लागलं तर फोल्ड चेंज १.७. हीच चाचणी पुन्हा केली तर आकडा दुपटीच्या आत-बाहेर हलू शकतो. एका प्रचलित चाचणीत एफाविरेन्झची रेघ ३ आणि नेव्हिरापिनची ४.५ आहे. त्याखालचा आकडा म्हणजे संवेदनशील. टेनोफोव्हिरची रेघ १.४ इतकी खाली आहे, पण ती आधी औषधं घेतलेल्या रुग्णांवरून काढलेली आहे. नव्या रुग्णात तिथे १.५ आला आणि जनुकीय चाचणीत काहीच नाही, तर जनुकीय चाचणीवर विश्वास ठेवा.

उपप्रकारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत 'अमुक उपप्रकाराचा सरासरी फोल्ड चेंज तमुकपेक्षा लक्षणीय वेगळा' असं वाक्य वारंवार येतं. संख्याशास्त्रात ०.८ आणि १.१ यांतला फरक लक्षणीय ठरू शकतो. रुग्णाच्या शरीरात तो शून्य आहे, कारण औषधाची पातळी गरजेच्या कितीतरी पट वर असते. 

प्रत्यक्षात फरक कुठे पडतो

उपचाराआधी 'सी' आणि 'बी' जवळपास सारखेच दाद देतात. पुढे वाट फुटते ती कोडॉनमुळे. १०६व्या जागी 'सी'मध्ये जीटीजी असतं, 'बी'मध्ये जीटीए. दोन्हींचा अर्थ व्हॅलिनच. पण एफाविरेन्झच्या दाबाखाली पहिलं अक्षर बदललं की 'सी'मध्ये एटीजी, म्हणजे मेथिओनिन होतं. 'बी'मध्ये एटीए, म्हणजे आयसोल्युसिन. मेथिओनिनवालं व्ही१०६एम एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन दोन्ही पाडतं, आणि 'बी'ला तिथे पोचायला दोन बदल लागतात. टेनोफोव्हिरच्या के६५आरचीही अशीच कथा. 'सी'मध्ये ६४-६५-६६ या जागांवर एएए-एएजी-एएजी अशी मांडणी आहे. या मांडणीमुळे एन्झाइम ६५पाशी अडखळतं आणि चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून औषध अनियमित घेतलं तर 'सी'च्या रुग्णात के६५आर लवकर येतं. इंटिग्रेझमध्ये पारडं उलट्या बाजूला झुकतं: जी१४०एस व्हायला 'बी'त एक बदल पुरतो, 'सी'त सहसा दोन लागतात, म्हणून क्यू१४८एच-जी१४०एस ही जोडी 'सी'त कमी दिसते. के६५आर आणि एम१८४व्ही असतानाही डोलुटेग्राविर-टेनोफोव्हिर टिकून राहतं, हे आफ्रिकेतल्या नाडिया चाचणीने २०२१मध्ये दाखवलं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत ए, सी, डी हेच उपप्रकार आहेत, म्हणून तो निष्कर्ष आपल्यालाही लागू पडतो.

उपप्रकारावरूनच औषध टाळायचं असे प्रसंग मोजके. ए६ किंवा ए१ उपप्रकार, सोबत रिल्पिव्हिरिनची जुनी म्युटेशन्स किंवा बीएमआय ३० वा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर दर दोन महिन्यांनी घ्यायचं काबोटेग्राविर-रिल्पिव्हिरिनचं इंजेक्शन निकामी होण्याचा धोका वाढतो. रशिया किंवा मध्य आशियात राहून आलेल्या रुग्णाला खासगीत हे इंजेक्शन सुचवलं असेल तर उपप्रकार आधी पाहा. सीआरएफ०१-एईवर फोस्टेम्साविर मुळातच चालत नाही. मध्य आफ्रिकेतला ओ गट एचआयव्ही-२प्रमाणे नेव्हिरापिन-एफाविरेन्झला जुमानत नाही. मॅराविरॉक या औषधासाठी उपप्रकार पुरत नाही, विषाणू पेशीवरच्या कुठल्या ग्राहकावाटे (रिसेप्टरवाटे) शिरतो ती चाचणी लागते. 'सी' मात्र बहुतेकदा सीसीआर५ या ग्राहकावाटेच शिरतो.

रिपोर्ट येईपर्यंत

थांबू नका. राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार सुरू करण्यासाठी रेझिस्टन्स चाचणीची अट नाही आणि असू नये. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. क्रिअॅटिनिन आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. प्रयोगशाळेत सोय आणि रुग्णाची संमती असेल तर पहिल्या गोळीआधीच्या प्लाझ्माच्या दोन व्हायल उणे ८०ला ठेवून द्या. पुढे औषध निकामी झालं तर रेझिस्टन्स आधीपासून होता की नंतर आला, हे फक्त त्यांवरूनच सांगता येतं.

उपप्रकारापेक्षा गोळीच्या वेळा चुकल्याने जास्त नुकसान होतं. आपल्याकडे रक्ताक्षय आणि सिकलसेल दोन्ही असल्याने लोहाच्या गोळ्या पुष्कळ घरांत असतात. लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचं औषध डोलुटेग्राविरला पोटात बांधून ठेवतं. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर असेल तर एकत्र चालतं, अॅसिडिटीचं औषध नाही. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर १२ तासांनी डोलुटेग्राविर ५०ची जादा गोळी, आणि ती रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे. मधुमेहाच्या रुग्णात मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका. व्हायरल लोड ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. १०००च्या वर आला तर आधी समुपदेशन, तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी, आणि तरीही वर असेल तर राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे प्रकरण.

स्थानिक माहिती गोळा करायची असेल तर

खान्देशातल्या नव्या रुग्णांत लागणीतून आलेला रेझिस्टन्स किती आहे हे मोजायचं असेल, अंदाज १० टक्के धरला आणि ५ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर १३९ वाचनीय सिक्वेन्स लागतात. शंभरातले पंधरा नमुने बसणार नाहीत असं धरून १६४ रुग्ण घ्या. सोयीचे म्हणून फक्त जिल्ह्याच्या ठिकाणचे घेऊ नका. ठरावीक काळात नोंद झालेले सगळे, सलग, तिन्ही जिल्ह्यांतले घ्या. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठी, अहिराणी, भिलीत समजावून सांगितलेली लेखी संमती आधी.

उपप्रकारांतल्या संवेदनशीलतेची तुलना इथल्या नमुन्यांवर करण्याचा मोह टाळा. १३५ 'सी' आणि चार इतर, यातून काहीच निघत नाही. त्याऐवजी ई१३८ए किती जणांत आहे, के१०३एन किती, इंटिग्रेझमध्ये काही आहे का, हे मोजा. प्रत्येक रिपोर्टवर गुण देणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती आणि तारीख लिहा, कारण गुण आवृत्तीगणिक बदलतात. आणि मूळ क्रोमॅटोग्रामच्या (सिक्वेन्सिंग यंत्राच्या आलेखांच्या) फाइल्स जपून ठेवा, म्हणजे नवी आवृत्ती आली की तेच सिक्वेन्स पुन्हा वाचता येतील.